चौदा ऑक्टोबरची सही

मी एक जुनं टेबल आहे. सध्या मुक्काम खडकीतल्या एका भंगाराच्या दुकानाबाहेर. एक पाय डुगडुगतो, ऊन-पाऊस दोन्ही खातो. हसायचं तर हसा, मित्रांनो, पण आधी माझं ऐकून घ्या.

माझं लाकूड मूळचं दारूगोळ्याच्या पेट्यांचं. फॅक्टरीत कामाला असलेल्या धोंडिबांनी लिलावात फुटक्या पेट्या घेतल्या, सुट्टीच्या दिवशी रंधा मारला आणि मला उभं केलं. सुतारकी त्यांना बेताचीच येत होती. पण त्यांचा मुलगा संजय जमिनीवर पालथा पडून अभ्यास करायचा, ते त्यांना बघवेना. संजय शिकला, नोकरीला लागला, वारज्याला फ्लॅट घेऊन राहायला गेला. पुढं धोंडिबाही गेले. त्यांच्या पत्नी सुंदराबाई, सुंदराबाईंच्याच नावावरच्या दोन खोल्या आणि मी, एवढंच मागं राहिलं.

रिकाम्या घरात सुंदराबाईंचं मन रमेना. मग त्यांनी वस्तीतल्या मुलींना हाक मारली. "घरात अभ्यासाला जागा नाही ना? या माझ्याकडं. चहा मिळेल, टीव्ही मिळणार नाही." मुली आल्या आणि येतच राहिल्या. माझ्याभोवती कोपराला कोपर लागायचं. काय दिवस होते ते! कुणी पास झाली की पेढ्यांचा पुडा माझ्यावरच सुटायचा, आणि आपणच पास झालो असं मला वाटायचं.

त्यांच्यातली आम्रपाली भारी धीट. पेन्शनच्या कागदावर सुंदराबाईंनी अंगठा उठवलेला तिनं पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढं पाटी ठेवली. "आजी, 'स' काढा. आता त्याला खाली शेपूट द्या." सुंदराबाई पाटी पुसायच्या, पुन्हा काढायच्या, स्वतःवरच चिडायच्या. अखेर एके दिवशी पूर्ण नाव उमटलं, तेव्हा त्या पदरात तोंड लपवून रडल्या.

आम्रपाली मोठी होऊन वकील झाली. सुंदराबाईंनी तिला बोलावून घेतलं. "माझ्यामागं हे घर मुलींच्या अभ्यासिकेला द्यायचं. विहाराच्या ट्रस्टच्या नावानं लिही." आम्रपालीनं मृत्युपत्र तयार करून आणलं आणि माझ्यावर पसरलं.

"करा सही. शेजारचे दोघं साक्षीदार म्हणून बोलावते."

"आज नको. चौदा ऑक्टोबरला करू. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी, विहारात, सगळ्यांसमोर."

"अहो आजी, कायद्याला असला दिवस लागत नाही."

"कायद्याला नसेल, मला लागतो. अंगठेबहाद्दर म्हणून हसलेत लोक मला. आता डोळे भरून बघू देत."

"निदान संजयदादाला तरी सांगा."

"त्यालाही तिथंच कळू दे. छाती फुगेल पोराची."

मी आतल्या आत ओरडत होतो, करा हो, आत्ताच करा! पण टेबलाचं कोण ऐकतं?

सप्टेंबरातल्या एका दुपारी सुंदराबाई माझ्यावर डोकं टेकून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत. संध्याकाळी मुली आल्या. आजीची झोप मोडू नये म्हणून पावलं न वाजवता बाहेरच्या खोलीत गेल्या आणि कुजबुजत अभ्यासाला बसल्या. मला सगळं ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

संजय वाईट माणूस नव्हे. आईसाठी ढसाढसा रडला. आईच्या नावानं जलदानविधी झाल्यावर आम्रपालीनं तो कागद त्याच्या हाती दिला. त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"सही कुठंय?"

"राहिली, दादा. चौदा ऑक्टोबरला करणार होत्या. तुम्हालाही तेव्हाच सांगणार होत्या."

"मागच्या रविवारी इथंच बसून जेवलो मी. आईनं वाढलं. घर देऊन टाकायचं तिच्या मनात असतं, तर मला एका शब्दानं बोलली नसती?"

आम्रपालीनं शपथेवर सांगितलं. मुलींनी सांगितलं. संजयचा चेहरा घट्ट होत गेला. आईनं आपल्याला सोडून या मुलींना सांगितलं, हेच त्याला लागलं असावं. त्यानं घर रिकामं करून विकायला काढलं. मला तर भंगारवाल्यानं फुकटच उचललं. मुली कुठं अभ्यास करतात, मला माहीत नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं विहाराकडं निघाली होती. आम्रपालीही पांढरी साडी नेसून चालली होती. मला पाहून थबकली. माझ्यावरून तिनं हात फिरवला.

दुकानदार पोपट लगबगीनं पुढं आला. "घ्यायचंय का, ताई? स्वस्तात लावतो."

"घेतलं असतं हो," ती म्हणाली. "पण ठेवू कुठं?"

आणि भर रस्त्यात, जाणाऱ्या-येणाऱ्यांदेखत, ती माझ्यावर ओणवी होऊन रडली.

मित्रांनो, मी आज आहे, उद्या जळणात जाईन. त्याचं काही नाही. पण तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा म्हणत असतील की माझ्यामागं हे अमक्याला द्यायचं, तर 'बघू नंतर' तुम्ही म्हणू नका, त्यांनाही म्हणू देऊ नका. जवळ बसा. मुलाबाळांना बोलावून त्यांच्या कानावर घाला. पेन हातात द्या. सुंदराबाईंना सही येत होती हो, फार सुरेख येत होती.