न कापलेला पट्टा

उताराच्या शर्यतीत उतरणारी पोरं पोलिसांना भीत नसत, कात्रीला भीत. कात्री म्हणजे बाजारामागच्या गल्लीत चामडं शिवणारी बाई. चार चाकांच्या फळीवर उभं राहून डोंगररस्त्याने मोटारीच्या वेगाने खाली येणाऱ्यांचे अंगभर सूट तीच शिवायची. वळणावर हात रस्त्याला टेकवावा लागतो, म्हणून हातमोज्यांच्या तळव्यांना टणक चकत्याही तीच बसवायची. आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी टेबल मांडून प्रत्येकाचं हेल्मेट तपासायची, तेही तीच.

तिचा नियम एकच होता. हेल्मेटने एकदा मार खाल्ला की ते संपलं. वरचा रंग कितीही चकचकीत असो, आतला फोम एकदा दबला की दुसऱ्यांदा डोकं वाचवत नाही. असं हेल्मेट हाती आलं की ती तिथल्या तिथे हनुवटीचा पट्टा कापायची, म्हणजे कुणी चोरून घालायला नको. दाढीमिशावाले बाप्ये गयावया करत. "डोकं दुसरं आणलंयस का?" ती विचारायची. "नाही ना? मग हेल्मेट दुसरं आण." असं करता करता त्या पोरांत ठरूनच गेलं होतं की पट्टा शाबूत तर हेल्मेट शाबूत. कात्रीच्या नजरेखालून गेलेल्या वस्तूची पुन्हा खातरजमा करण्याचं कुणाच्या मनातही येत नसे.

पण दिव्याखाली अंधार असायचाच. सरावात तिची लेक पडली. खांदा खरचटला, डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. पोरगी धडधाकट घरी आली. कात्रीने हेल्मेटच्या आत अंगठा दाबून पाहिला, तर फोम एका जागी भुसभुशीत लागला. तिने कात्री उचलली.

"आई, कापू नको ना," लेक म्हणाली. "पहिली शर्यत यातच जिंकले मी. नुसतं टांगून ठेवते."

आयुष्यात एकदाच ती विरघळली. हेल्मेट दुकानातल्या खुंटीवर, तयार सूटांच्या शेजारी लटकलं. पुढे तीन महिने ते रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू माणसाला दिसत नाही.

त्या पोरांत एक होता, त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. दुसऱ्यांच्या नावाने "सावकाश रे" ओरडण्यातच त्याचा निम्मा दम जायचा. एका शनिवारी त्याच्या हेल्मेटची काच फुटली आणि दुसऱ्या दिवशी सराव होता. कात्री कातडं आणायला परगावी गेली होती, लेक तिच्यासोबत होती, आणि दुकानावर शेजारचा घड्याळवाला लक्ष ठेवून होता. सावकाशने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, पट्टा ओढून पाहिला आणि चिठ्ठी ठेवली: 'मावशी, हे उद्यापुरतं नेतो. पट्टा शाबूत आहे, म्हणजे प्रश्नच नाही.'

कात्रीने ती चिठ्ठी सोमवारी वाचली. तोवर तो तिसऱ्या वळणावर पडून, डोक्याला मार लागून हॉस्पिटलात पोचला होता.

जीव वाचला. पण आज सांगितलेलं उद्या त्याच्या लक्षात राहीना. इतर पोरं म्हणू लागली, वेग जास्त घेतला त्याने, दुसऱ्यांना शिकवायचा आणि स्वतःच चुकला. कात्री ते ऐकून खाली मान घालून शिवत राहायची. लेक रडून रडून अर्धी झाली होती. "आई, हट्ट माझा होता," ती म्हणायची. "तू सांगितलंस तर परत कोण विश्वास ठेवेल तुझ्यावर?" चिठ्ठी गल्ल्याच्या खणात पडून राहिली.

तीन आठवड्यांनी सावकाशचे वडील दुकानात आले. सुतारकाम करणारा, कमी बोलणारा माणूस. स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले.

"बाई, एक विचारायचं होतं. तो रोज मला विचारतो, बाबा, माझं काय चुकलं? मला यातलं काही कळत नाही. तुम्ही जाणकार. वेग जास्त झाला म्हणतात, खरं का?"

हो म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. कात्रीने लेकीकडे पाहिलं, मग खण उघडून चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि हेल्मेटचं काय झालं ते सांगितलं. स्वतःची बाजू घेतली नाही. लेकीचा हट्टही सांगितला नाही. पडतात सगळेच, डोकं वाचायला हवं होतं; पट्टा मी कापला नाही, एवढंच म्हणाली.

त्यांनी चिठ्ठीवरून बोट फिरवलं. पोराचं अक्षर होतं ते.

"म्हणजे त्याचं काही चुकलं नाही."

"नाही. काही नाही."

"मग हे तुम्हीच त्याला सांगा," ते उठत म्हणाले. "माझ्याच्याने होणार नाही. चार ते सहा भेटायची वेळ असते."

त्याच दिवशी ती गेली. लोखंडी खाटेशेजारी बसून तिने त्याला पहिल्यापासून, लेकीच्या हट्टासकट, सांगितलं. त्याने नीट ऐकलं. मग तिचा हात हातात घेतला.

"असं होय," तो म्हणाला. "मावशी, मनाला नका लावून घेऊ. माझ्या आईनेही असंच केलं असतं."

जिन्यात कठड्याला धरून ती पोटभर रडली. कितीतरी दिवसांनी त्या रात्री तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती चारच्या ठोक्याला पोचली. त्याने तिला ओळखलं, उशीला टेकून बसला, आणि हळूच विचारलं, "बरं झालं आलात. मावशी, त्या दिवशी माझं काय चुकलं हो?"