पडद्यावर उरलेली लाल पट्टी

टीव्ही मी जाळला. आग लागली नाही, धूरही निघाला नाही, पण जळाला तो जळालाच, आणि त्यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

सात महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात परतला, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. बँकेत उभी हयात काढलेले, समोरच्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय न सोडणारे भालचंद्र साने खुर्चीत बसून नुसते बघत राहायचे. त्यांना बोलायला शिकवणारी थेरपिस्ट बंगाली, पोरगी गुणाची. मला ती माशिमा, म्हणजे मावशी म्हणते. ती म्हणाली, "माशिमा, हिंदी, बांगला सगळं नंतर. त्यांची स्वतःची भाषा दिवसभर कानावर पडू द्या. परत आली तर बहुतेक तीच आधी येईल."

आता कोलकात्याच्या ह्या बेहाला भागात दिवसभर मराठी आणायची कुठून? हे साताऱ्याहून बदली होऊन आले आणि माझ्याशी लग्न करून इथलेच झाले. मी मराठी घरातली खरी, पण जन्माने कोलकात्याची. मासेवाल्यापासून लिफ्टमधल्या शेजारणीपर्यंत माझा सगळा दिवस बांगलात जातो. डोक्यात आलं, मराठी बातम्यांचं चॅनेल आहे की. सकाळी सातला लावायचं, रात्री दहाला बंद. तिथे कुणी दमत नाही, कुणी गप्प बसत नाही.

बाबांना नीट दिसावं म्हणून सलीलने बंगळुरूहून हा मोठा, पातळ टीव्ही पाठवला होता. फोनवर त्याने बजावलंही होतं, "आई, एकच चॅनेल तासन्‌तास ठेवू नकोस. जे एका जागी हलत नाही त्याची पडद्यावर छाप बसते." मी हो हो म्हटलं. मुलांना आपण हो म्हणतो, तसंच.

खरं सांगायचं तर त्या चॅनेलने माझी सोय केली. मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलायची. उठा, गोळी घ्या, चहा गार होतोय. बाकीचं सगळं त्या बातम्यांच्या बायका बोलायच्या. आपण काही विचारावं आणि ह्यांनी नुसतं बघत राहावं, हे मला सोसत नव्हतं. म्हणून मी विचारणंच सोडून दिलं होतं.

मंगळवारी क्रिकेटची मॅच लावली, तर हिरव्या मैदानावर खाली बातम्यांची लाल पट्टी. कोपऱ्यात चॅनेलच्या नावाचा चौकोन. मी वेड्यासारखं ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. दुसरं चॅनेल लावलं, तिसरं लावलं, तरी पट्टी जागची हलेना. शनिवारी सलील येणार होता.

बुधवारी दुपारी टीव्ही दुरुस्त करणारे तपनबाबू आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. "रोज किती तास, माशिमा?" मी सांगितल्यावर ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, पडद्यातले ठिपके एकाच जागी पेटून पेटून थकतात. वॉरंटीत हे बसत नाही. टीव्हीतच सफाईची एक सोय असते, ती लावतो, तासभर लागेल. थोडं फिकट होईल, पण पुरतं जाईल असं नाही. मधे हात लावू नका. एवढं सांगून ते मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या कामावर गेले.

पडदा काळा झाला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दिवसाउजेडी घर शांत झालं. मला त्या शांततेत बसवेना. मी बडबडायला लागले.

"आता सलीलला काय सांगू? तो काही बोलणार नाही, आणि तेच मला नको आहे. हौसेने घेतला हो पोराने." हे बघत होते. "केबलवाल्याच्या माथी मारू? नको, तो गरीब आहे." मग मी कुठून कुठे गेले माझं मला कळलं नाही. लिफ्ट बंद पडल्याचं सांगितलं. सलील लग्नाचा विषय टाळतो ते सांगितलं. आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही बोलून गेले, की रात्री तुमचा श्वास चालतो की नाही ते मी उठून बघते. तुमच्याशी भांडायला मिळत नाही म्हणून मला घर खायला उठतं. डोळे पुसले आणि म्हटलं, "ते असू दे. ठरलं. व्होल्टेज वरखाली झालं म्हणून सांगते. इथे होतंच तसं."

ह्यांनी काठी जमिनीवर आपटली. तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताणल्या. मला वाटलं, पुन्हा झटका आला. मी उठून त्यांचा खांदा धरला.

"खोटं," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "नको."

दुसरा शब्द निम्मा तोंडातच राहिला. पण सूर तोच होता, कॅशियरची चूक दाखवताना लागायचा तो. त्या सुराचा मला आयुष्यभर राग येत आला होता. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलीसारखी रडले. किती आनंद झाला आणि स्वतःची किती लाज वाटली, ते मला वेगवेगळं सांगता येणार नाही.

तासाने तपनबाबू आले. पट्टी फिकट झाली होती, पण होती. "बातम्यांचं लावून देऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू दे, बंदच बरा. ते गेल्यावर मी सलीलला फोन लावला.

"टीव्ही जळाला," मी म्हणाले. "तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही."

"जाऊ दे गं, आई." तो नेहमीसारखाच समजुतीने बोलला. "तुझी चूक नसेलही. तिकडे व्होल्टेजचा त्रास असतोच."

"तेच सांगणार होते. बाबा सांगू देत नाहीत."

त्याने विचारलं, "सांगू देत नाहीत म्हणजे?"

मी फोन ह्यांच्या तोंडाशी धरला.