आडनाव नसलेल्यांची वाट

यशस्विनीनं रुग्णालयासाठी संगणकातल्या निरोपांची वाट आखली, ती ओढलेल्या सुतासारखी सरळ. प्रयोगशाळेतून रक्ताचा रिपोर्ट निघाला, की वाटेत एकच प्रश्न: तातडीचा का? असेल तर वॉर्डातल्या नर्सच्या फोनवर, नसेल तर डॉक्टरांच्या संगणकावर. आणि जो कुठंच बसत नाही, त्यानंही हरवायचं नाही. प्रयोगशाळेत परत यायचं, माणसाच्या डोळ्यांपुढं.

कंपनीतले तिचे वरिष्ठ श्रीहरी नुकतेच पुण्याहून आलेले. त्यांनी त्या वाटेवर नाक्यांमागून नाके उभे केले. पहिल्या नाक्यावर आडनाव विचारायचं. नसेल तर रिपोर्ट गुपचूप बाद. पुण्यात असंच चालतं, म्हणाले.

पण म्हैसुरात आडनाव असतं कितीजणांना? नावाआधी एखादं अक्षर, अष्टे, म्हणजे तेवढंच. राजाच्या फौजेत आलेल्या यशस्विनीच्या पूर्वजांनीसुद्धा पुढं आडनाव सोडून इथलीच रीत धरली. तिनं हे सांगितलं, तर श्रीहरी हसले. आडनावाच्या जागी टिंब टाकायचं, झालं. धावपळीत टिंब कोण टाकणार, तिनं विचारलं. ताकीद तेवढी मिळाली: रुग्णालयात दाखवताना श्रीहरींचीच वाट चालवायची, त्यांनी दिलेल्याच नावांनी. नाहीतर काम तिच्या सहकाऱ्याकडे, भुवनकडे जाईल.

रुग्णालयातल्या सभेत मुख्य नर्स वेदवती फोन हातात घेऊन बसल्या होत्या. यशस्विनीनं श्रीहरींची वाट चालवली, पण त्यांनी दिलेली नावं बाजूला सारली आणि आपल्या बाबांचं नाव टाकलं: एम. संताजीराव. रिपोर्ट चाचणीपुरता: पोटॅशियम फार वाढलेलं, तातडीचं.

पडद्यावर सगळं हिरवंगार. फोन मुका.

"नेटवर्क गेलं असेल," श्रीहरी म्हणाले.

"नेटवर्क आहे, सर. माझे बाबा तुमच्या पहिल्या नाक्यावर पडलेत, आणि कुणाला पत्ता नाही. अख्ख्या शहरात, बन्नीमंटपापासून नजरबादपर्यंत, माणसं अशीच पडतील."

श्रीहरींनी आवाज खाली आणला. "तुला काम सोडून बेंचवर, बिनकामाच्यांत बसायचंय का?"

"बसवा की. आधी सिस्टरना हे बघू द्या."

तिनं आपली वाट सुरू केली. संताजीराव निघाले, आणि वेदवतींच्या हातात फोन वाजला. त्यांनी नाव वाचलं, मग स्वतःचं नाव दोन्ही वाटांनी पाठवायला लावलं. त्यांनाही आडनाव नव्हतंच. फोन एकदाच वाजला.

"हीच वाट हवी," वेदवती श्रीहरींना कन्नडमध्ये म्हणाल्या. श्रीहरींना कन्नड येत नसूनही उलथा करून, मराठीत सांगायची गरज पडली नाही.

सोमवारी यशस्विनी बेंचवर गेली. रुग्णालयात वाट तिचीच राहिली. कंपनीच्या नव्या ओळखपत्रासाठी संगणकानं तिचं आडनाव मागितलं. टिंब टाका, पुढं जाईल, कुणीतरी सुचवलं.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "माणसाला बोलवा."

आणि हाताची घडी घालून तिथंच बसून राहिली.