दुकान येताना लागतं

पुतण्या आला तो रिकाम्या बॅगा घेऊन. मुलं आईवडिलांकडे येतात तेव्हा काहीतरी भरून आणतात. आमचे साहेब भरून न्यायला आले होते. बॅगा व्हरांड्यात मांडून त्यानं भिंतीपलीकडून मला हाक मारली, "काकू, आईचं सामान आवरायला येतेस का?"

आमची दोन घरं एका भिंतीची. अलीकडे मी एकटी. पडदे शिवते, दिवसभर मशीनची घरघर. पलीकडे मोठे दीर आणि जाऊबाई. माझं आणि जाऊबाईंचं सकाळी कडाक्याचं भांडण होतं आणि संध्याकाळी चहा एकत्र होतो, हे लग्न होऊन आल्यापासून चालत आलंय. त्या इथून राहायला गेल्या असत्या तर मी भांडणार कुणाशी, मशीनशी? म्हणून आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी त्रयस्थ वगैरे मुळीच नाही.

झालं होतं असं. भाऊजींना काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली आणि त्यांनी ती मुकाट्यानं विकून टाकली. आमची घरं बाजारापासून लांब. औषधं, भाजी, बँक, दळण, सगळं त्या स्कूटरवर चालायचं. पुतण्याचं म्हणणं एवढंच, की बाबांना आता चालवता येत नाही, आईला कधी आलंच नाही, आणि काकू तिची कामं सोडून किती दिवस यांच्यासाठी धावणार? तेव्हा दोघांनी कायमचं त्याच्याकडे यावं. त्याचं घर कुठल्याशा वरच्या मजल्यावर आहे. भाऊजी एकदा तिथे राहून आले, ते लिफ्टची बटणं चाचपडून वैतागून आले. इथे ते डोळे मिटूनही घरभर फिरतात, झाडांना पाणी घालतात आणि माझ्या मशीनच्या आवाजावरून मला दटावतात.

पुतण्याचं काही चुकत होतं असं नाही. मला राग आला होता तो याचाच.

त्याचा तसा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई माझ्या मशीनपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मला सायकल शिकव. तो न्यायला यायच्या आत."

"या वयात?"

"मग कुठल्या वयात? मागची सगळी संपली."

मी माझी जुनी सायकल काढली, सीट खाली केली, माझा एक पायजमा त्यांना दिला आणि गोदामामागच्या मोकळ्या जागेत आमची शाळा भरली. तोल त्यांना चटकन साधला. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. जाऊबाईंचा सगळा जन्म स्कूटरच्या मागच्या सीटवर गेलेला. मागे बसून आपण सूचना द्यायच्या आणि पुढच्यानं त्या पाळायच्या, ही त्यांची वाहन चालवायची रीत. समोर खड्डा दिसला की त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, "अहो, खड्डा!" आणि सरळ त्यात जायच्या.

"अहो घरी आहेत! हॅन्डल तुमच्या हातात आहे!" मी मागून ओरडायची.

"कळतंय मला!" असं ओरडत त्या पुढच्या खड्ड्यात.

मला हसू आवरायचं नाही आणि त्यांना माझं हसणं सहन व्हायचं नाही. एकदा ढोपर चांगलंच फुटलं. सायकल तिथेच टाकून तरातरा घरी गेल्या, संध्याकाळी चहालाही आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. तर दुसऱ्या दिवशी माझ्याआधी मैदानात हजर, ढोपराला पट्टी बांधून. मग हळूहळू "अहो" कमी होत गेलं. एक दिवस खड्डा आला, जाऊबाई गप्प राहिल्या आणि सायकल बाजूनं निघून गेली. मी एकटीच टाळ्या पिटत उभी. स्वतःचं काही जमल्यावरही मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

तर पुतण्यानं हाक मारली तेव्हा आम्ही कंबर कसून बसलेल्याच होतो. जाऊबाईंनी बॅगांकडे पाहिलं.

"या आत घे, धूळ बसेल. आम्ही येत नाही. बाहेरची कामं मी करणार, सायकलवर."

तो हसला. आईचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरतं घेतलं. "आई, मैदानात फिरवणं वेगळं. रस्त्यावर बसगाड्या असतात. तुला काही झालं तर बाबांकडे कोण बघेल?"

"त्यांचे डोळ्यांचे थेंब संपत आलेत. आता जाऊन घेऊन येते. तू गाडीतून मागे ये आणि बघ. काकूलाही तुझ्याच गाडीत बसव, म्हणजे तिनं मदत केली असं म्हणायला नको. नाही जमलं तर बॅगा मीच भरीन."

एकदा बोलल्या की जाऊबाई शब्द फिरवत नाहीत, हे त्या व्हरांड्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींनी माझ्या दिशेनं मान वळवली.

"जमेल का गं तिला?"

"जमेल," मी म्हणाले. इतकं ठासून म्हणाले की माझाही विश्वास बसला.

जाऊबाई पुढे, आम्ही मागे. पुतण्याची ती लांबलचक गाडी सायकलच्या वेगानं चालायची म्हणजे शिक्षाच. मागचे हॉर्न वाजवत होते. त्याचे हात स्टिअरिंगवर आवळलेले. एक बस जाऊबाईंच्या अगदी जवळून गेली. जाऊबाईंनी रेष सोडली नाही.

"आई, खड्डा!" पुतण्या ओरडला, बंद काचांच्या आत. खड्डा त्यांनी केव्हाच टाळला होता.

"कुणाला सांगतोस?" मी म्हणाले. तो ओशाळला.

मग उजव्या हाताला औषधाचं दुकान आलं. आणि गेलं. जाऊबाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुतण्याला आनंद झाला असता तर मी त्याला सुनावलं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "बघितलंस, काकू? नेहमीचं दुकान, तेही लक्षात राहत नाही तिच्या. घाबरलीय ती." मनातल्या मनात मी बॅगा भरायला घेतल्या होत्या.

जाऊबाई चौकापर्यंत गेल्या. ट्रॅफिक पोलिसासारखा हात आडवा केला, चौकाला अख्खा वळसा घातला आणि त्याच रस्त्यानं परत आल्या, मागोमाग आम्ही. आता दुकान डाव्या हाताला होतं. पायरीपाशी उतरल्या, सायकल स्टँडला लावली, कुलूप घातलं आणि आत गेल्या.

पुतण्यानं घाईघाईनं गाडी तिथेच, सायकलच्या पुढ्यात आडवी घातली. त्या पिशवी घेऊन बाहेर आल्या तशी त्यानं काच खाली केली.

"आई, मघाशी दुकान ओलांडून गेलीस तू!"

"ओलांडून कशाला जाईन? हे दुकान येताना लागतं."

"म्हणजे?"

"बाबांच्या मागे मी नेहमी डावीकडे पाय सोडून बसायची. जाताना हे उजवीकडे, माझ्या पाठीशी. ते मला कधी दिसलंच नाही. येताना बरोबर नाकासमोर यायचं. अर्धा बाजार मला जातानाचा माहीत आहे, अर्धा येतानाचा. आणि काय रे, जाताना दिसलं असतं तरी भर रस्ता कापून मी मध्येच वळायचं होतं का?"

माझा जीव असा भांड्यात पडला की मी खदाखदा हसत सुटले.

जाऊबाई हसल्या नाहीत. कुलूप काढून, पिशवी बास्केटमध्ये ठेवून, हॅन्डल धरून उभ्या राहिल्या.

"आता गाडी मागे घे," त्या मुलाला म्हणाल्या. "मला जायचंय. वाट अडवलीयस माझी."

तो आईकडे बघत राहिला. मग त्यानं गाडी मागे घेतली. जाऊबाईंनी मागेपुढे पाहिलं, हात दाखवला आणि निघाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजींचा आवाज गाडीभर घुमला. सहज विचारल्यासारखं करत होते. "काय रे, भरायच्या का बॅगा?"

पुतण्या काचेतून दूर जाणाऱ्या आईकडे बघत होता. डोळे भरले होते त्याचे, माझेही.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "आई येतेय. थेंब घेऊन."

मग भाऊजी म्हणाले, "बरं. तू ये सावकाश."