रुखमाच्या गोळ्यांचा वाटा

यशोदाबाईचा जीव मोठा हाय, पन अक्कल? जाऊ द्या. तिनं त्या दिवशी पोडावर जे करून ठेवलं, ते आयकून माहं डोस्कं असं तापलं का काही विचारू नका.

मी सरिता, या पोडाची आशाताई, सरकारी दवाखान्याचं काम पाहनारी. पोड म्हनजे आमची कोलामाची वस्ती, आंजीच्या पुढं, जंगलाच्या कडेले. आमच्यात चांगली वस्तू कोनी एकटं खात नाई. मध सापडो का नाल्यातले मासे, घरोघरी वाटा जाते.

यशोदाबाईची सून रुखमा. तिचा नवरा अमर काविळीनं गेला, असं सारा पोड समजते. त्याच्या मागोमाग रुखमाही निघालीच होती, निस्ते हाडं राह्यले होते. मीच तिले वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं गोळ्या सुरू झाल्या, न बाई पुन्हा कापूस वेचाले जाऊ लागली. सासूले आम्ही सांगतलं, अशक्तपनाच्या गोळ्या हायेत. खरी बिमारी आमा दोघीलेच माहीत. रुखमानं मले माह्या लेकराची शपथ घातली होती.

औंदा पावसाळ्यात पोडावर ताप आला. हुडहुडी भरून, दात वाजवनारा. मी रक्त तपासाची पेटी घेऊन निकेशच्या घरी गेली. त्याची लहानी पोरगी गुंजन बाजीवर फनफनून राह्यली होती, बरळत होती.

"आन इकडे तिचं बोट," मी म्हनलं.

"काही गरज नाई, ताई," निकेश म्हने. "सकाळीच गोळी देल्ली. रुखमाची भारी गोळी. यशोदाकाकूनं साऱ्या पोडाले वाटली ना! रुखमा मसनातून वापस आली त्या गोळीनं, तं ताप काय चीज हाय?"

माय वो! मी पळतच यशोदाबाईच्या घरी गेली. म्हातारी ओट्यावर खुशीत बसलेली. "सरिता, तुह्याही घरचा वाटा ठेवला वो," म्हने. आत रुखमा रिकामी डबी हातात धरून उभी होती. तिच्या तोंडचं पानी पळालं होतं.

मी तशीच वापस फिरली. निकेशले म्हनलं, "बाप्पा, ते तापाची गोळी नोहे. पोरीले मलेरिया असंल. तपासू दे मले."

"मंग काह्याची गोळी हाय?"

"ताकदीची."

"ताकदीची तं लेकराले चांगलीच. काऊन टोचून रडवतं तिले?"

मी हात जोडले, मंग शिव्या देल्या. लोक जमले. पोडाचा म्हातारा महाजन, म्हनजे वस्तीचा कारभारी, कवडू म्हने, "सरिता, गोळी काह्याची हाय ते खरं सांग. सांगत नसशील तं उगी कल्ला नको करू."

सांगतलं असतं तं निकेश मानला असता. पन ते सांगनं माह्या हक्कात नव्हतं. इकडे पोरीचे डोळे फिरून राह्यले होते. मले सगळ्याइचा असा राग आला, माहाही.

तेवढ्यात रुखमा गर्दीतून पुढं आली. "निकेशभाऊ, मले एड्स हाय. ते त्याच्या गोळ्या हायेत. मी त्याच्यावर जगून राह्यली. तुह्या गुंजनचा ताप अलग हाय, त्याले ते गोळी चालत नाई. टोचू दे तिले."

एका बाईनं आपलं लेकरू रुखमाजवळून ओढून घेतलं. मले वाटलं त्या बाईच्या थोबाडात द्यावी, पन आधी गुंजन. निकेशनं सोताच पोरीचं बोट माह्यासमोर धरलं. पट्टीवर मलेरिया निंगाला, तोही वाईटातला. पहिला डोस तिथंच पाजला, न निकेश गाडीवर पोरीले घेऊन आंजीच्या दवाखान्यात गेला. मंग कवडूनं हात पुढं केला. "टोच," म्हने. त्याच्या मागं बाकीचेही आले.

यशोदाबाई मातर भुईवरच बसली होती.

"म्हनजे आपला अमर..."

"हो, आत्या," रुखमा म्हने. "त्यायलेही हेच होतं."

म्हातारी उठली. सरळ घरोघरी गेली. "काढा माह्या सुनेच्या गोळ्या!" तिचा आवाज साऱ्या पोडाले आयकू येऊन राह्यला होता. ज्यायनं पुढच्यासाठी जपून ठेवल्या होत्या, त्यायनं आनून देल्या.

सांजच्याले निकेशचा फोन आला. सलाईन लावली, गुंजननं डोळे उघडले, पानी मांगतलं. मी ते सांगाले गेली तं यशोदाबाई सुनेसमोर बसली होती, पदरात गोळ्या.

"मले काऊन नाई सांगतलं वो?"

"तुमी घरातून काढलं असतं, आत्या."

मले वाटलं, म्हातारी आता नाई म्हनते. पन ते खोटं बोलली नाई.

"काढलं असतं," ते म्हने. "तवा काढलंच असतं तुले. घे, गोळी खा. माह्यासमोर खा."