दोन सीटांची गाडी

इंदुरात राऊच्या रस्त्यावरच्या त्या शोरूममध्ये वापरलेल्या महागड्या गाड्या येत होत्या, जात होत्या. पिवळी गाडी तेवढी ठाण मांडून बसली होती. परदेशी बनावटीची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी आणि दोनच सीटांची. भोपाळच्या एका बिल्डरनं हौसेनं घेतली, चार दिवस मिरवली आणि इंदूरला आणून विकायला ठेवली. तेव्हापासून अख्खं शहर तिला बघून गेलं. कुणी बोनेटवर हात ठेवून फोटो काढला, कुणी आत बसून रील बनवली, कुणी इंजिनाचा आवाज ऐकून ‘क्या बात है भिया’ म्हटलं आणि शेजारच्या सात सीटांच्या गाडीचं बुकिंग करून गेला.

उदयसिंह त्या शोरूमचा सगळ्यात जुना सेल्समन. त्याचे पूर्वज होळकरांच्या पागेत घोडे सांभाळायचे, असं घरात सांगत. त्या वैभवातलं आता काही उरलं नव्हतं, फक्त बोलण्यातली अदब उरली होती. गाडी द्यायची तर किल्ली आधी घरातल्या थोरल्या बाईच्या हातात, आधी तिला आत बसवायचं, मग बाकीचे, ही पद्धत शोरूममध्ये त्यानंच आणली. ‘आधी आईसाहेब’ म्हणत तो दार उघडून उभा राहिला की घरोघरच्या आया विरघळायच्या आणि पुढची गाडीही त्याच्याकडूनच घ्यायला लावायच्या.

पिवळी का जात नाही, यात गूढ असं काही नव्हतं. कॉलनीतला पहिला स्पीडब्रेकर आला की तिचं पोट घासायचं. काही बिघडलं तर मिस्त्री मुंबईहून बोलवावा लागणार आणि टायर बदलावा लागला तर तो कुठल्या देशातून कधी येईल ते देवाला ठाऊक. एवढं सोसणारा एक वेडा सापडलाच, तर पुढे त्याच्याकडून ती घेणारा दुसरा वेडा कुठून आणायचा? श्रीमंत माणूस उधळ्या असतो हा आपल्यासारख्यांचा गैरसमज. इंदूरचा शेठ गाडीत बसायच्या आधी ती विकताना किती येतील ते विचारतो.

मग मालकांनी, म्हणजे नीरजभियांनी, भाव उतरवला. भाव उतरला तसा लोकांचा संशय चढला. “इतनी सस्ती क्यों? ठुकी हुई है क्या?” एकानं गाडीखाली वाकून बघत विचारलं आणि ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार’ ही म्हण ऐकवून चालता झाला. भाव पुन्हा उतरला. आता ज्यांना खरंच घ्यायची होती तेही थांबले. आज एवढी उतरली, दिवाळीला आणखी उतरेल. आपणच आपल्या मालाची बदनामी करत सुटलोय हे उदयसिंहला दिसत होतं, पण नोकराचं ऐकतो कोण.

खरं कारण त्याच्या मते वेगळंच होतं आणि ते तो कुणाला सांगत नसे. इंदुरात गाडी माणूस घेत नाही, घर घेतं. नवी गाडी खजरान्याच्या गणपतीला न्यायची तर पुढे आई, मागे बायकापोरं, डिकीत नारळांची पिशवी आणि उरल्या जागेत शेजारची मावशी. दोन सीटांची गाडी घेणाऱ्याला बाकीच्यांच्या तोंडावर सांगावं लागतं की यात तुम्ही नाही. आजवर त्यानं अशा ज्या थोड्या गाड्या विकल्या, त्या फुटक्या घरांतच गेल्या. एकाची बायको सोडून गेली होती, एकाची सख्ख्या भावाशी कोर्टकचेरी चालली होती. अशी गाडी खपवायची म्हणजे कुठलं तरी घर मोडायची वाट बघत बसायचं. हा धंदा आपल्याला शोभत नाही, असं त्याला हल्ली वाटायचं, पण वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती.

कारण नीरजभियांनी एकदा चहा पाजून गोड शब्दांत सांगितलं होतं, “उदयजी, बुरा मत मानना. धनतेरस तक पीली निकल गई तो ठीक, नहीं तो ये सेक्शन बंद. बाकी गाड़ियों के लिए दो लड़के बहुत हैं मेरे को.” मुलगी पूर्वा सिमरोलच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. उदयसिंहचे केस पांढरे झाले होते. या वयात त्याला दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. पिवळी गेली तर तो राहणार होता, नाही तर तिच्या आधी तोच जाणार होता.

धनतेरस तोंडावर आली आणि मनीष आला. चाळिशीचा, नीटनेटका, सुदामा नगरचा मराठी माणूस. बरोबर बायको रुपाली. दोघांनी गाडीला एक फेरी मारली, आत बसून बघितलं, फोटो मात्र काढले नाहीत. घेणारं गिऱ्हाईक असं गप्प असतं, हे उदयसिंह ओळखून होता.

“आपल्या घरी कोण कोण, मनीषजी?” त्यानं सवयीनं विचारलं.

“आम्ही दोघं.” मनीष जरा थांबला. “अन् आई.”

त्या थांबण्यात काय ते आलं. उदयसिंहनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. घासाघीस न होता सौदा ठरला, हात मिळवले गेले, आणि निघताना त्याची जीभ नेहमीच्या वळणावर गेली. “डिलिव्हरीला आईसाहेबांना आणा हं. आपल्याकडे किल्ली त्यांच्याच हातात देतात.”

“त्यांचे गुडघे दुखून राहतात ना,” रुपाली म्हणाली. “कशाला उगीच परेशानी?”

“आणा हो, घरातलं मोठं माणूस आहे,” उदयसिंह म्हणाला. नीरजभिया समोर होते, मनीषला नाही म्हणवेना.

धनतेरसच्या दुपारी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मनीषची आई, द्वारकाबाई, मुलाच्या मागून हळूहळू चालत आली. ठेंगणी, वाळलेली, अंगावर जपून ठेवलेली निळी साडी. उदयसिंहनं किल्ली तिच्या ओंजळीत दिली, तिनं ती कपाळाला लावली. मग त्यानं दार उघडलं आणि कमरेत लवून म्हणाला, “आधी आईसाहेब.”

ती वाकली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ही काही उंच पायरीची गाडी नव्हती. हिच्यात म्हाताऱ्या माणसानं बसायचं म्हणजे विहिरीत उतरण्यासारखं. पण आता थांबवायचं कसं? एक हात दाराला, एक हात त्याच्या खांद्याला धरून ती सीटमध्ये जवळजवळ कोसळलीच. शोरूमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, कुणी मोबाइलवर फोटो घेतला.

“चला आई, उतरा आता,” रुपाली म्हणाली. “मुहूर्त निघून जाईल.”

द्वारकाबाई हलली नाही. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिली.

“आई, ऐकून राहिली ना? उतर.” मनीषनं इकडेतिकडे बघत कसनुसं हसून घेतलं. मागे मुलं खुसखुसायला लागली होती. “गुडघे अडकले असतील. उदयजी, जरा बघा ना.”

उदयसिंह दारापाशी गुडघ्यावर बसला. “आईसाहेब, हात द्या. मी धरतो तुम्हाला.”

“मला उतरवू नका,” ती त्याच्यापुरतं म्हणाली. “मी उतरले की हे दोघं बसतील.”

तिचे गुडघे अडकलेच नव्हते. तिनं दोन्ही हातांनी सीटची कड पकडली होती, बोटं पांढरी पडली होती. शेजारी सात सीटांची गाडी उभी होती. मनीषजी, ही राहू द्या, सगळ्यांना पुरेल अशी बघू, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. निदान म्हणून तर बघता आलं असतं. पाठीमागे नीरजभिया खाकरले. उदयसिंहला पूर्वा आठवली, आणि खरं सांगायचं तर पूर्वाच्याही आधी त्याला स्वतःसाठी भीती वाटली, रिकाम्या हातानं घरी बसायची.

“चला, उठायचं ना आता,” तो लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला. त्यानं तिची बोटं हलकेच सोडवली, काखेत हात घातले आणि तिला बाहेर काढलं. तिनं मग काहीच विरोध केला नाही. अंगात वजन असं नव्हतंच. जन्मभर त्यानं ज्या अदबीनं बायकांना गाडीत बसवलं होतं, त्याच अदबीनं आज एकीला उतरवलं, आणि हे आपल्याला इतकं छान जमलं याची त्याला शरम वाटली.

मनीष आणि रुपाली आत बसले. “आई, तू बस इथंच. आम्ही खजरान्याला जाऊन येतो,” मनीष काच खाली करून म्हणाला. इंजिन गरजलं. उतारावर गाडीचं पोट घासल्याचा आवाज आला, मग ती रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

नीरजभियांनी येऊन उदयसिंहच्या पाठीवर थाप मारली. “मान गए उदयजी. अब आपको कौन हटाता है.” उदयसिंह हसला. हसायलाच पाहिजे होतं.

द्वारकाबाई गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर हात मांडीवर घेऊन बसली. तिला पाणी दिलं, चहा दिला. समोरच्या दुकानांवर दिव्यांच्या माळा लागल्या, रस्त्यावर सणाची गर्दी वाढली, पण मनीषचा पत्ता नव्हता. उदयसिंहनं फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा लावला तर मध्येच कापला गेला.

“आईसाहेब, गर्दीत अडकले असतील,” तो म्हणाला. “माझी छोटी गाडी आहे बाहेर. चला, सुदामा नगरला सोडतो तुम्हाला.”

“तिथं कोण आहे आता?” ती म्हणाली. “घर विकलं ना ते. परवा चाव्या दिल्या. ह्यांनी बांधलेलं होतं.”

सौदा इतक्या सहज का झाला, भावात घासाघीस का नव्हती, ते आत्ता उदयसिंहच्या लक्षात आलं. “मग नव्या घरी सोडतो. कुठे घेतलं?”

“बायपासला फ्लॅट आहे त्यांचा. मी नाही बघितला अजून. दोन दिवस रुपालीच्या माहेरी होतो सगळे, पण आज त्यांच्याकडे पाहुणे येणार आहेत.” ती हे तक्रार केल्यासारखं बोलत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

“अन् तुमचं काय ठरलं?”

“मनीष म्हणाला, गाडीचं एकदा होऊन जाऊ दे आई, मग तुझं बघू.”

उदयसिंह सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. शोरूमची मुलं पेढ्यांचा डबा फिरवत होती, पिवळी विकल्याचे पेढे. एकानं तिच्यापुढे डबा धरला. तिनं एक पेढा उचलला, पदराच्या टोकात बांधून ठेवला आणि उदयसिंहकडे वळून विचारलं, “भाऊ, हे दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?”