चौथं पॅड

लखनला रागवायला तोंड उघडावं लागत नाही, नाकपुड्याच पुरतात. दिंडोलीच्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, हळदीच्या कार्यक्रमाला तासभर उरला होता आणि त्या नाकपुड्या चांगल्याच फुगल्या होत्या.

"योगिता, आ शुं छे? परत दाब."

मी कीबोर्डवरचं चौथं पॅड दाबलं. आबांच्या ढोलकीचा ठेका स्पीकरमधून घुमला. पॅडला एकदा बोट लावलं की आधी रेकॉर्ड करून भरलेला ठेका आपोआप फिरत राहतो, थांबवेपर्यंत. दोन्ही हात सुरांना मोकळे. मला त्यात काही खोट दिसेना.

"मागे खटखट येते आहे. तू बहेरी छे के?"

बहिरी मी नाही, माझे वडील. नवागामच्या कापड कारखान्यात तीस वर्षं माग चालवून हिलालआबांचे कान गेले. पूर्वी लखनच्या गाण्याबजावण्याच्या ग्रुपमध्ये ढोलकी तेच वाजवायचे. ऐकू येईनासं झालं, बाकीच्यांशी ताल जुळेना, तेव्हा लखनने त्यांना घरी बसवलं. आता त्याला त्यांचा ठेका हवा होता, ते नको होते. केळं हवं, साल नको! कारण कीबोर्डात तयार मिळणाऱ्या ठेक्यांवर आमच्या खान्देशी बाया नाचत नाहीत, भाषणाला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवतात. मी आबांचा ठेका पॅडवर भरला, म्हणून मला आजची संधी मिळाली. जमलं तर ग्रुपमध्ये कायमची जागा. नाही जमलं तर परत घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. त्या टिकल्यांचा मला मनापासून तिटकारा आहे.

मी वायर बदलली, पिन बदलली, स्पीकर बदलून पाहिला. "नाचता येईना, अंगण वाकडं," लखन गायकाला ऐकू जाईल असं म्हणाला.

आबा खुर्चीवरून उठून आले. आपलाच ठेका एवढ्या मोठ्या स्पीकरवर कसा लागतो ते बघायला मीच त्यांना आणलं होतं. त्यांनी स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि एकदम हसले.

"हाऊ ते आपला बारा नंबर शे! पिकर ढिला शे त्याना. सेठले कितला येळ सांगं!"

आमच्या खोलीची मागची भिंत कारखान्याची आहे. भिंतीपलीकडे बारा नंबरचा माग, त्याचा धोटा फेकणारा पिकर ढिला, म्हणून तो किंचित लंगडत चालतो. ढोलकीबरोबर माईकने तोही भरून घेतला होता. घरी ऐकताना खरा माग चालूच असायचा, त्यात हा मिसळून जायचा. जन्मापासून त्या आवाजात झोपलेली मी, आमच्याकडे शांतता म्हणतात ती हीच.

"नवीन भर," लखन म्हणाला. "अर्धा तास. नाहीतर मी दुसऱ्याला फोन करतो."

कीबोर्ड, माईक, आबांनी सवयीने बरोबर आणलेली ढोलकी आणि आबा असं सगळं मी भांड्यांच्या कोठीत नेलं. दार लावलं. आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आबा, तोच ठेका!"

ते वाजवायला लागले आणि लयीत धावत सुटले. दुसऱ्यांदाही तेच. पायाखाली माग नव्हता. घरी जमीन थरथरायची आणि तेवढ्यावर त्यांचे हात चालायचे. इथली फरशी मुकी होती. ते माझ्याकडे अपराध्यासारखे बघू लागले. मला लखनचा राग आला, आबांचा आला, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

मी त्यांच्या मागे बसले आणि पाठीवर तळव्याने ताल धरला. आवाज माईकमध्ये जाणार नाही इतका हलका. एक, दोन, एक, दोन. या वेळी ते धावले नाहीत, पण ठेका सपाट झाला. कवायतीला चालेल, हळदीला नाही.

बाहेरून लखनने दार ठोकलं. "दहा मिनिटं!"

तेव्हा मला कळलं. बाया ज्यावर नाचायच्या तो ठेक्यातला हेलकावा आबांचा एकट्याचा नव्हता, अर्धा त्या ढिल्या पिकरचा होता. मी डोळे मिटले, घरची भिंत आठवली आणि त्यांच्या पाठीवर बारा नंबरसारखी लंगडत थापटू लागले. आबांची पाठ ताठ झाली. मग खांदे सैल पडले आणि हात बरोबर चालले.

लखनने हेडफोन लावून दोनदा ऐकलं. नाकपुड्या बसल्या. "हां. हे तिसऱ्या पॅडवर ठेव. चारला हात लावलास तर उद्यापासून घरी."

हळद सुरू झाली. दुसऱ्याच गाण्याला मी तिसरं पॅड दाबलं आणि नवरीच्या मावश्या पदर खोचून उठल्या. लखनने मला अंगठा दाखवला. जागा मिळाली होती. मला इतका आनंद झाला की एक सूर चुकला.

मी आबांकडे पाहिलं. ते स्पीकरला हात लावून उभे होते आणि त्यांचा चेहरा कोरा होता. गाणं संपलं तशी मी वाकून त्यांच्या कानाशी विचारलं, "काय जायं, आबा?"

"धडधड शे," ते म्हणाले. "पन मी कोठे शे, ते समजत नही."

खटखट काढली होती, तीच त्यांच्या हाताला ओळखीची होती. बाकीच्या दणदणाटात त्यांना स्वतःचा ठेका सापडत नव्हता. सगळ्या हॉलला तो पोचला, ज्याचा होता त्यालाच नाही.

पुढचं गाणं रंगात आलं. बाया ओरडत होत्या, पोरं शिट्ट्या मारत होती. लखन माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. टिकल्यांचे डबे माझ्या डोळ्यांपुढे आले. मी तिसरं पॅड थांबवलं आणि चौथं दाबलं.

आबांची बोटं खोक्यावर पसरली. ओठ हलले, मान डोलायला लागली, मोकळा हात मांडीवर चालू लागला.

लखनने मान वळवली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाणं संपेपर्यंत मी बोट पॅडजवळ नेलंच नाही.